शहाण्याने इथे कोर्टाची पायरी चढावी

न्यू जर्सीत गाडी चालवताना मागे लाल-निळे दिवे लागले की काय करायचं, हे इथे नव्याने आलेल्याला कुणी ना कुणी सांगतंच. गाडी उजवीकडे घेऊन थांबवायची, खाली उतरायचं नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि मागितल्यावर लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड द्यायचं. आपल्याकडे उतरून मामांपर्यंत चालत जाणं हा नम्रपणा. इथे तसं केलं तर पोलिसाचा हात कमरेकडे जातो. ‘काही मिटवता येईल का’ हा सूर तर चुकूनही लावायचा नाही. तिकीट परवडलं, लाच देऊ केल्याचा आरोप परवडत नाही.

एवढं बहुतेकांना जमतं. गडबड होते ती घरी आल्यावर.

माझ्या ऑफिसातल्या एका मुलाला रूट १ वर पकडलं. हद्द ताशी ५० मैलांची, हा ७२ ने चालला होता. तिकिटावर कोर्टाची तारीख होती आणि ऑनलाइन पैसे भरायची सोयही होती. रक्कम त्याच्या पगाराच्या मानाने किरकोळ, त्यामुळे रात्रीच भरून मोकळं व्हायचा त्याचा बेत होता. आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. त्यातून तिकडे ई-चलन साठवून लोकअदालतीची वाट बघायची सवय, म्हणजे दंड हा निव्वळ पैशांचा मामला हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे मात्र पैसे भरले की गुन्हा कबूल केल्याची नोंद होते, आणि त्या नोंदीबरोबर लायसन्सवर पॉइंट्स, म्हणजे चुकांचे गुण, चढतात.

पॉइंट्सचा हिशोब असा: हद्दीपेक्षा १४ मैलांपर्यंत जास्त वेग असेल तर २ पॉइंट्स, १५ ते २९ मैल जास्त असेल तर ४, त्याच्यापुढे ५. स्टॉप साइनला न थांबल्याचे २. तीन वर्षांच्या आत ६ पॉइंट्स झाले की मोटर व्हेइकल कमिशन, म्हणजे इथलं आरटीओ, १५० डॉलरचा सरचार्ज लावतं आणि सहाच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला आणखी २५. बारा झाले की लायसन्स निलंबित. आमच्या या पोराच्या नावावर स्टॉप साइनचे २ आधीच होते. ते ४ कबूल केले असते तर सरळ सहावर गेला असता. शिवाय इन्शुरन्सवाल्यांना हे सगळं दिसतं आणि त्यांचा हप्ता पुढची काही वर्षं वसुली करत राहतो.

तिकीट मिळाल्यावर थोड्याच दिवसांत पोस्टाची पेटी वकिलांच्या पत्रांनी भरते. ‘आपल्यावर अमुक आरोप असल्याचे समजले’ अशा थाटाची ती पत्रं पाहून घरच्यांचं धाबं दणाणतं. ती निव्वळ जाहिरात असते. कोर्टाच्या नोंदी सार्वजनिक असतात, त्यातून त्यांना पत्ते मिळतात. त्यातलं सर्वांत चकचकीत पत्र उचलण्यापेक्षा, ज्या गावात तिकीट मिळालं तिथल्या म्युनिसिपल कोर्टात नेहमी उभा राहणारा वकील शोधावा. कारण या राज्यात साडेपाचशेच्या वर गावं आहेत आणि केस त्या त्या गावाकडेच जाते.

वकील नेमकं करतो काय? ‘निर्दोष सोडवून आणतो’ असं म्हणणाऱ्यापासून मी तरी लांब राहीन. तो आधी रडार किंवा लेझर यंत्राची तपासणीची कागदपत्रं आणि पोलिसाच्या प्रशिक्षणाचा दाखला मागवतो. मग सरकारी वकिलाशी, म्हणजे म्युनिसिपल प्रॉसिक्युटरशी, बोलणी होतात. ही तोडपाणी नव्हे; न्यायाधीशासमोर, उघडपणे होणारी कायदेशीर तडजोड आहे. वेगाचा आरोप बऱ्याचदा ‘अनसेफ ड्रायव्हिंग’ या कलमावर आणला जातो. त्याला पॉइंट्स नाहीत, पण दंडाशिवाय २५० डॉलरचा वेगळा सरचार्ज आहे. म्हणजे आज खिशातून जास्त जातात, नोंद मात्र शून्य पॉइंट्सची राहते. ही सवलत दोनदाच. पाच वर्षांच्या आत तिसऱ्यांदा तेच कलम लागलं तर ४ पॉइंट्स चढतात. अपघात झाला असेल तर कबुली देताना वकील ‘सिव्हिल रिझर्व्हेशन’ मागतो, म्हणजे ती कबुली पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात आपल्याविरुद्ध वापरता येत नाही. हे एकट्याने गेलेल्याला सुचत नाही, आणि वकिलाची फी मला खरी वसूल झालेली वाटते ती इथे.

प्रत्येक तिकिटाला वकील लागतो असं मुळीच नाही. पार्किंगच्या तिकिटाला पॉइंट्सच नसतात. पहिलंच तिकीट, वेग थोडाच जास्त, अपघात नाही, अशा वेळी स्वतः प्रॉसिक्युटरशी नीट बोललं तरी काम होतं. करोनानंतर बऱ्याच कोर्टांची सुनावणी झूमवर होते, रजाही पडत नाही. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाष्या कोर्टच देतं, फुकट. आधीचे पॉइंट्स असतील, वेग तीस मैलांनी जास्त असेल किंवा निलंबनाची शक्यता असेल, तर मात्र वकील हवाच. नोकरीला जाण्यापुरती गाडी चालवायची सवलत देणारं लायसन्स न्यू जर्सीत मिळत नाही, आणि बसच्या भरवशावर इथे दूध आणायलाही जाता येत नाही.

नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात हे काहीच चालत नाही. तिथली वेगाची तिकिटं ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरोकडे जातात आणि तिथे तडजोडीला जागाच नाही: दोषी किंवा निर्दोष. वर न्यू जर्सी आपले २ पॉइंट्स लावतं ते वेगळंच.

दारू पिऊन गाडी चालवणं या हिशोबात बसत नाही. व्हिसावर असलेल्या माणसाचा व्हिसा नुसत्या अटकेवरूनही रद्द होऊ शकतो, म्हणून तिथे ट्रॅफिकच्या वकिलाबरोबर इमिग्रेशनचा वकीलही लागतो.

चढलेले पॉइंट्स उतरतातही. वर्षभर एकही गुन्हा नाही तर ३ कमी होतात, डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला तर २. हा कोर्स पाच वर्षांतून एकदाच मोजला जातो.

आपल्या लोकांचं लायसन्स वेगापेक्षा दुसऱ्याच कारणाने जास्त धोक्यात येतं असं मला वाटतं, ते म्हणजे घर बदलणं. लीज संपली की भाडं वाढतं, मग आपण पुढच्या गावात. कोर्टाची नोटीस, सरचार्जचं बिल, निलंबनाची सूचना, सगळं जुन्या पत्त्यावर जात राहतं. तारखेला हजर न राहिल्याने लायसन्स निलंबित होतं आणि माणूस बिनधास्त गाडी चालवत असतो. पुढे साध्या फुटक्या टेललाइटसाठी थांबवतात आणि तिथे कळतं. निलंबित लायसन्सवर गाडी चालवल्याचा पहिल्या वेळचा दंडच ५०० डॉलर आहे, वर निलंबन वाढतं. नवा पत्ता एका आठवड्यात कळवायचा नियम आहे, तो ऑनलाइन आणि फुकट कळवता येतो. तिकिटाची केस चालू असेल तर कोर्टालाही वेगळं कळवा.