मेगा८च्या सॉकेटात ३२८पी: टाकी कंट्रोलर, पुढची नोंद

गच्चीवरच्या टाकीचा कंट्रोलर (पाण्याची पातळी बघून मोटर चालू-बंद करणारा बोर्ड) एकदाचा नव्या चिपवर आला. आमच्याकडे इंदूरला, लोकमान्यनगरात, नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. त्यामुळे हौदातून पाणी वर चढवणारी मोटर म्हणजे घरातलं सगळ्यात लाडकं यंत्र. पावसाळ्यात विजेच्या दणक्याने त्यातली जुनी चिप (एका तुकड्यातला छोटा संगणक) अ‍ॅटमेगा८ गेली. जेलरोडवर विचारलं तर "भिया, आठ वाला अब कौन लेता है," म्हणत दुकानदाराने अ‍ॅटमेगा३२८पी हातावर ठेवली.

२८ पाय जसेच्या तसे जुळतात, बोर्डाला हात लावावा लागला नाही. कोडमध्ये मात्र निम्म्या रजिस्टरांची (चिपच्या आतल्या कप्प्यांची) नावं बदलावी लागली: सिरियलच्या, म्हणजे लॅपटॉपशी बोलायच्या तारेच्या, यूडीआरचं यूडीआर०, टायमरच्या टीआयएमएसकेचे तीन तुकडे. कंटाळवाणं काम, पण कंपायलर बोट ठेवून दाखवतो. यूआरएसईएल बिट खोडताना तर बरंच वाटलं. मेगा८मध्ये यूसीएसआरसी आणि यूबीआरआरएच ही सिरियलची दोन रजिस्टरं एकाच पत्त्यावर राहतात, कोणाचं पत्र आहे ते या बिटाने सांगावं लागायचं. ३२८पीत दोघांची बिऱ्हाडं वेगळी.

सिरियलवर आधी नुसता कचरा येत होता. लॅपटॉपवर वेग ९६००ऐवजी १२०० लावला आणि अक्षरं स्वच्छ! बरोबर आठवा भाग, म्हणजे सीकेडीआयव्ही८ फ्यूज (चिपच्या घड्याळाचा वेग ८ने भागणारी सेटिंग). नवी चिप ८ मेगाहर्ट्झला ८ने भागून १वर चालत होती. जुन्या चिपचे फ्यूज मी कधीकाळी बदलले होते, तेच विसरलो होतो.

खरा घोळ पुढेच झाला. चार दिवसांनी आई गच्चीखालून ओरडली, "अरे, तुझं यंत्र सत्तर टक्के सांगतंय आणि नळाला नुसती हवा येतेय!" डिस्प्लेवर ७०% ठाम, मोटर बंद. स्विच बंद-चालू केला की सगळं ठीक. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मोटरचा कॉन्टॅक्टर (तिची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटताना ठिणगी उडते आणि प्रोग्राम अडकतो. त्यासाठीच वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की चिप रिसेट करणारा टायमर) लावलेला. मेगा८मध्ये वॉचडॉगने रिसेट केलं की तो स्वतः बंद होतो. ३२८पीत एमसीयूएसआर (रिसेट कशामुळे झालं ते सांगणारं रजिस्टर) यातला डब्ल्यूडीआरएफ बिट पुसून तो बंद करेपर्यंत चालूच राहतो, तेही सगळ्यात छोट्या, साधारण १६ मिलिसेकंदांच्या मुदतीवर. माझा कोड सुरुवातीलाच एलसीडी डिस्प्लेसाठी ५० मिलिसेकंद थांबतो. म्हणजे दर वेळी उठायच्या आधीच पुन्हा आडवा. एलसीडीची वीज मात्र जात नाही, म्हणून तो शेवटचा आकडा धरून बसतो.

आता कोडच्या इनिट३ विभागात, मेनच्याही (मुख्य प्रोग्रामच्याही) आधी, एमसीयूएसआरची नक्कल ठेवून ते पुसतो आणि वॉचडॉग बंद करतो. एलसीडी तयार झाल्यावर २ सेकंदांवर पुन्हा लावतो. त्या नकलेवरून वॉचडॉग रिसेटची मोजणी ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवतोय. आठवड्यात ३ झाले, तिन्ही मोटर बंद होताना. म्हणजे जुनी चिपही अशीच गुपचूप पडून उठत असणार, मला पत्ताच नव्हता.

रविवारी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगीचा झटका शोषणारी जोडी) लावतोय. आकडा ३वरच थांबतो का, ते पुढच्या नोंदीत.