रात्रीची लाइन आणि ढवळ्या

मंगळवार, पौष

या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची आहे. चना घाट्यावर आलाय, शेवटचं पाणी चालू आहे. मध्यरात्री उठून वावरात जायचं, स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, नोझलमध्ये अडकलेला कचरा काडीनं काढायचा आणि पहाटे येऊन पुन्हा गोधडीत शिरायचं. झोपेचं खोबरं होतं, पण माझ्या एका उद्योगाला हेच वेळापत्रक लागू पडलं.

दिवाळीपासून मी रिॲलिटी चेक करतोय. दिवसातून मधूनच थांबायचं आणि विचारायचं, आत्ता मी जागा आहे की स्वप्नात? मग तपासायचं. हाताची बोटं मोजायची. लिहिलेलं वाचून नजर हटवायची आणि पुन्हा वाचायचं. स्वप्नात अक्षरं बहुधा बदलतात. सवय मुरली की ती स्वप्नातही उतरते आणि स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळतं की हे स्वप्न आहे. यालाच ल्युसिड ड्रीम म्हणतात.

यातली एक चाचणी मी लगेच बाद केली. दिव्याचं बटण दाबायचं, लाइट लागला नाही तर स्वप्न समजायचं. या हिशेबानं आमचं गाव उन्हाळाभर झोपेतच असतं!

राहिलं नाक. चिमटीत दाबून श्वास घ्यायचा. स्वप्नाच्या झोपेत, म्हणजे आरईएममध्ये, हातपाय ढिले पडलेले असतात. आपण नाक दाबलं असं वाटतं, पण खरं नाक मोकळंच असतं, म्हणून श्वास येत राहतो. डोळे मात्र तेव्हाही हलतात. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. प्रयोगात झोपलेला ॲलन वॉर्स्ली स्वप्नात असताना ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवत होता आणि यंत्रावर त्या खुणा उमटत होत्या.

आईनं मला चुलीपाशी हे करताना पाहिलं. "नाक काऊन दाबून रायला रे? सर्दी झाली का?" मी हो म्हटलं. काढा प्यावा लागला.

पण नुसतं नाक दाबून काही होत नव्हतं. देवळापुढून जाताना हात आपोआप छातीला लागतो, तसं ते झालं होतं. मनात शंका म्हणून नव्हतीच. ॲडलेड विद्यापीठातल्या डेन्होम ॲस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासातही नुसत्या चाचण्यांचा उपयोग दिसला नाही. पाच तास झोपून उठायचं, 'पुढच्या स्वप्नात मला कळेल' असं मनाशी घोकत पुन्हा झोपायचं, ही जोड दिली तेव्हा फरक पडला. पहाटेकडे आरईएमचा पट्टा लांबत जातो, स्वप्नं तेव्हाच दाट. म्हणजे रात्रीची लाइन ही माझ्यासाठी फुकटची प्रयोगशाळाच.

काल पहाटे घोकत झोपलो आणि पुन्हा वावरात. स्टार्टरचं हिरवं बटण दाबतोय, मोटर उचलत नाही. इथवर संशय यायचं कारणच नाही, हे रोजचंच. मग धुऱ्यावर ढवळ्या दिसला. तो तर आम्ही केव्हाचा विकला. शिंगांना बेगड, पाठीवर झूल. पौषात पोळा? नाक दाबलं आणि हवा सरळ आत गेली, थंडगार, ओल्या मातीच्या वासाची.

एवढा हरखलो की जागच आली. अशा वेळी हात एकमेकांवर चोळायचे किंवा जागच्या जागी गिरकी घ्यायची म्हणजे स्वप्न टिकतं, असं म्हणतात. गिरकीचा उपाय स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांचा. तो आज करून बघेन. शंका आली तरी विहिरीच्या काठावर किंवा स्टार्टरच्या पेटीशी उडून-बिडून बघायचं नाही, तिथं फक्त नाक, हे पक्कं ठरवलंय.

सकाळी आईला सगळं सांगून टाकलं. आरईएम वगैरे तिनं सोडून दिलं.

"अंगानं कसा होता रे ढवळ्या? वाळला तर नाही?"

मी नाक दाबण्यात गुंग होतो, तेवढं पाहिलंच नाही.

"पुढच्या येळी नीट पाह्यजो," म्हणाली आणि भाकरी उलटवली.