हीटरशिवाय हायड्रोजन सेन्सर: बडोद्याच्या दमट हवेतला माझा अनुभव

बडोद्याच्या आसपास हायड्रोजन रोज लागतो: कोयलीच्या रिफायनरीत इंधनातलं गंधक काढायला, खतासाठी अमोनिया बनवायला. त्याला वास नाही आणि हवेत 4 टक्के झाला की ठिणगी पुरते. टिन ऑक्साइडचे सेन्सर 200 ते 400 अंशांवर तापवावे लागतात, बॅटरी तिथेच संपते. पॉलिॲनिलिन हा वीज वाहणारा पॉलिमर; हायड्रोजन लागला की त्याचा विद्युत रोध बदलतो. ते खोलीच्या तापमानाला चालतं, म्हणून ते निवडलं.

ॲनिलिन हायड्रोक्लोराइड 2.59 ग्रॅम, पाणी घालून 50 मिली. अमोनियम परसल्फेट 5.71 ग्रॅम, वेगळ्या 50 मिलीत. दोन्ही बर्फात गार करून फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे घालून एकत्र केलं आणि इलेक्ट्रोडची (रोध मोजायच्या धातूच्या टोकांची) पट्टी उभी टांगली. आडवी ठेवली तर गाळ बसून थर खरबरीत होतो. पॉलिॲनिलिन तयार होऊन पट्टीवर त्याचा थर बसतो; द्रावण निळं होऊन मग हिरवं झालं की पट्टी बाहेर. धुवायचं ते 0.2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने. नुसत्या पाण्याने आम्ल निघून जातं, हिरवा थर निळसर पडतो आणि रोध चढतो. इलेक्ट्रोड सोन्याचेच हवेत. तांबं आम्लात खाल्लं जातं आणि चांदीवर क्लोराइडचा थर बसतो.

मग पॅलेडियम क्लोराइडच्या अगदी पातळ द्रावणात थोडाच वेळ बुडवणं. हायड्रोजनचा रेणू फोडायचं काम पॅलेडियमचं. जास्त वेळ ठेवलं तर पॉलिमरचंच ऑक्सिडीकरण होतं, थर निळा-जांभळा होऊन वाहकता जाते.

खरी फसगत चाचणीत झाली. सिलिंडरचा हायड्रोजन मिसळलेला वायू सोडताच रोध झपाट्याने बदलला. नंतर हायड्रोजन नसलेला नायट्रोजन सोडला, तरी तेवढाच बदल! कोरड्या वायूने थरातला ओलावा काढून नेला होता. हीटर नसल्याची किंमत ती हीच: तापलेल्या सेन्सरवर पाणी टिकत नाही, इथे ते थरातच मुरतं. आणि बडोद्याचा जुलै काय असतो ते सांगायला नको. तेव्हापासून हायड्रोजनचा वायू आणि त्यात मिसळायची हवा, दोन्ही पाण्याच्या सारख्याच बाटल्यांतून बुडबुडवत आणतो. 1 टक्का हायड्रोजन असलेल्या वायूचे मिनिटाला 10 मिली आणि हवेचे 90 मिली, म्हणजे दहा लाखांत 1000 भाग. मिसळायला हवाच घ्यावी. नायट्रोजनमधले आकडे देखणे येतात, पण हवेतला ऑक्सिजन पॅलेडियमवर हायड्रोजनशी जुळून पाणी करतो आणि प्रतिसाद घटतो.

शेजारी पॅलेडियम नसलेली जुळी पट्टी ठेवून दोन्ही ब्रिजमध्ये, म्हणजे दोन रोधांमधला फरक मोजणाऱ्या मंडलात जोडल्या. ओलावा दोघींना सारखा लागतो, बराचसा वजा होतो. हे न करता दिलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. 10 किलोओमच्या पट्टीवर 1 व्होल्ट म्हणजे 0.1 मिलिवॉट. दर सेकंदाला फक्त 10 मिलिसेकंद व्होल्टेज दिलं तर पट्टीचा सरासरी खर्च 1 मायक्रोवॉट. ॲम्प्लिफायरचा खर्च वेगळा धरावा.

अमोनियाजवळ मात्र ही पट्टी लावू नये. तो थरातले प्रोटॉन काढून घेतो, रोध चढतो आणि हायड्रोजनचा इशारा झाकला जातो. शिवाय हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू उडून मूळ रेषा (वायू नसतानाचा रोध) सरकते, म्हणून पुढच्या पट्ट्यांत न उडणारं कॅम्फर सल्फोनिक आम्ल वापरतो आहे.