जीपमधलं डिझेल काढून परत पेट्रोल

आमची जीप म्हणजे महिंद्राची सीजे थ्री बी, ती उंच बॉनेटवाली. पेट्रोल परवडेना म्हणून काकांनी तिच्यात मॅटॅडोर व्हॅनचं डिझेल इंजिन टाकून घेतलं, त्या काळात गावोगावी हेच चालायचं त्यामुळे त्यांना नावं ठेवत नाही. पण मला तिचं मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिनच परत हवं होतं. मिस्त्री म्हणाले, "चांगलं चाललंय न्हवं? मग कशाला उकरून काढताय?"

कशाला, तर ते बॉनेट उंच आहे तेच मुळी हरिकेनमुळे. विलीज म्हणजे जीपची मूळ अमेरिकन कंपनी, तिच्या आधीच्या जीपमध्ये गो-डेव्हिल इंजिन असायचं, त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, म्हणजे खाली सिलिंडरच्या बाजूला. हरिकेनमध्ये इनटेकचे, म्हणजे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्टचे खालीच ठेवले, इंजिन झालं उंच, मग १९५३ मध्ये विलीजने ते मावेल असं बॉनेट केलं. दोन्ही २.२ लिटरच, पण ताकद ६० हॉर्सपॉवरवरून सत्तरच्या पुढे गेली. गाडीचं तोंडच ज्या इंजिनच्या मापाचं, तिथे मॅटॅडोर धडधडतंय हे मला काही बघवेना.

इंजिन मिळतं हो, भंगारात अजून मिळतं. फक्त हेड उघडल्याशिवाय पैसे देऊ नका, ह्या ब्लॉकला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे तडा जातो आणि काजळीखाली तो दिसत नाही, ब्रश मारून, पुसून, बॅटरीच्या उजेडात बघायचं.

खरी वाट लागते चासीपाशी. हरिकेन पुढे दोन रबरी माउंटिंगवर बसतं आणि मागचा भार गिअरबॉक्सखालच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या दांडीवर. डिझेल बसवणाऱ्याने पुढचे मूळ ब्रॅकेट गॅसकटरने साफ उडवले होते आणि भलतीकडे जाड पट्ट्या वेल्ड केलेल्या. मग ओळखीतल्या दुसऱ्या थ्री बीवर टेप लावून मापं घेतली, ब्रॅकेट बनवून नुसते टाके मारले, इंजिन खाली सोडलं, फॅन आणि रेडिएटरमधलं अंतर बघितलं, गिअरबॉक्सचा शाफ्ट हाताने ढकलून क्लचप्लेटमध्ये अलगद शिरतोय का ते बघितलं, आणि मगच पक्कं वेल्डिंग. इथे घाई केलीत तर पुढे जन्मभर क्लच बदलत बसाल.

बाकी किरकोळ. सीटखालची टाकी डिझेलच्या गाळाने भरलेली, ती उतरवून धुतली, उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी रिटर्न लाइन काढून टाकली. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवर फिरतो, म्हणून पंप बसवतानाच खाच नीट जुळवायची, एक दात सरकला तरी टायमिंग बोंबलतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२.

आणि कागद! आरसीवर डिझेलची नोंद असेल तर इंधन आणि इंजिन नंबर दोन्ही बदलून घ्यावे लागतात, त्यासाठी आरटीओची परवानगी आधी काढा, इंजिन नंतर. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, तीही गाडी मूळ रूपात असेल तरच, चासी, बॉडी, इंजिनमध्ये फेरफार चालत नाही. आमची फाइल सध्या आरटीओत आहे. मॅटॅडोरच्या इंजिनाला गिऱ्हाईक रोज विचारतंय, पण तपासणी होईपर्यंत ते शेडमधून हलवणार नाही.