मालेवा नदीत, मांडीभर पाण्यात

मी सांगलीची. पूर आला की आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं ते विचारायचं, एवढंच आमचं जलविज्ञान. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५७ च्या पुढे गेला, तेव्हाही त्या फुटांत पाणी किती हा प्रश्न मला पडला नव्हता. तो पडला केनियात, नैवाशाजवळ मालेवा नदीत उभी असताना.

ज्यांच्या हाताखाली शिकायला गेले त्या तिथल्याच. पाणी आणि हवामान हा त्यांचा विषय. सगळे त्यांना ‘डाक्तारी’ म्हणतात. मला वाटलं होतं, लॅपटॉपवर मॉडेल दाखवतील. त्यांनी छातीपर्यंतचा रबरी पायजमा हातात दिला.

नदीवर आडवी टेप ताणायची, ठरावीक अंतरावर थांबून खोली मोजायची, पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर प्रवाहमापकाचा पंखा धरायचा आणि ६० सेकंदांतले फेरे मोजायचे. फेऱ्यांवरून वेग कळतो. त्या वेगाला नदीच्या तेवढ्या तुकड्याच्या क्षेत्रफळाने गुणायचं. सगळ्या तुकड्यांची बेरीज म्हणजे विसर्ग. वेगवेगळ्या पातळ्यांना असे विसर्ग जमवले की पुढे काठावरची पट्टी वाचून नदीत किती पाणी चाललंय ते सांगता येतं.

दुपारी डाक्तारींनी वही चाळली. “मधोमध वेग कमी कसा?” मग मी कुठे उभी राहते ते बघितलं. मी पंख्याच्या वरच्या अंगाला! पाणी आधी माझ्या पायांवर आदळायचं. “नदी नाही, स्वतःचे पाय मोजलेस.” सगळं पुन्हा, आणि ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश. पाणी डोंगरातलं, गार. बोटं पार बधिरली.

संध्याकाळी त्यांनी किहोटो वस्ती दाखवली. नैवाशा तळ्याला जमिनीवरून बाहेर वाट नाही, मालेवा हीच त्याची मोठी नदी. २०१९ च्या अखेरीस हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली, पूर्व आफ्रिकेत धो धो पाऊस झाला आणि २०२० मध्ये तळं या घरांत शिरलं. एका भिंतीवर खिडकीच्या उंचीला अजून चिखलाची रेघ होती. मी सांगलीचं सांगितलं.

“पुरानंतर पात्र बदलतं. तुमच्याकडे विसर्ग पुन्हा मोजला? रात्री पट्टी कोण वाचत होतं?”

रात्री बाबांना फोन केला. ते म्हणाले, “कोण वाचतं म्हणजे? आकडा टीव्हीवर यायचा की.”