मूळ नक्षत्राशेजारचा काळोख

वैशाख अमावास्या, पहाटेचे तीन

झोप नाही. दुपारी पारा ४४ वर होता. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं, तरी फरशी अजून निवलेली नाही. कठड्याच्या भिंतीपासून चार बोटं दूर तळवा धरला तरी धग लागते. भिंत अंधारात काळीच दिसते, पण ती उजळते आहे, आपल्या डोळ्यांना न कळणाऱ्या अवरक्त किरणांनी.

अडीचच्या सुमारास होटगी गावाच्या अंगाला वृश्चिक राशीतल्या विंचवाची नांगी वर आली होती. लहानपणी आजी याच गच्चीवरून दाखवायची, "ते बघ तुझं मूळ." माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा, घरच्यांनी शांत केली होती. ती नांगी आणि धनू राशीतल्या ताऱ्यांची किटलीसारखी आकृती यांच्या मधे, किटलीच्या तोटीजवळ, आपल्या आकाशगंगेचं केंद्र आहे. नक्षत्राला 'मूळ' हे नाव देणाऱ्यांना ते ठाऊक असणं शक्य नाही. योगायोगच, पण मला तो फार प्रिय आहे.

केंद्र सुमारे २६ ते २७ हजार प्रकाशवर्षं दूर. मधे धूळ इतकी की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांतला जेमतेम एक आपल्यापर्यंत पोचतो. काल सिद्धेश्वर तलावाच्या काठी सूर्य मावळताना तांब्याच्या ताटासारखा झाला होता. हवेतली धूळ निळा आधी अडवते, तांबडा निसटतो. तांबड्याच्याही पुढे, २.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अवरक्त लहरींकडे गेलं, की आकाशगंगेतली धूळही तेवढी आडवी येत नाही. दहातला एखादा कण सुटतो. लाख कोटीत एक आणि दहात एक! हा फरक मी वहीत शून्यं मांडून पुन्हा पुन्हा पाहिला.

याच लहरींत बेकलिन आणि नॉयगेबाउअर या खगोलशास्त्रज्ञांना केंद्र पहिल्यांदा सापडलं, त्यांचा निबंध १९६८ चा. पुढे गेंझेल आणि गेझ यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी नव्वदच्या दशकापासून तिथले तारे वर्षानुवर्षं टिपले. त्यातला एस-२ नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. मे २०१८ मध्ये तो केंद्राच्या अगदी जवळून गेला, पृथ्वी-सूर्य अंतराच्या फक्त १२० पट अंतरावरून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगाने. एवढा मोठा तारा ज्याच्याभोवती गरकन वळतो, तिथे काहीच दिसत नाही. त्या वळणावरून हिशोब निघाला: सुमारे ४० लाख सूर्यांचं वस्तुमान, म्हणजे कृष्णविवरच. २०२० च्या नोबेलमध्ये त्या दोघांचा वाटा होता. पण मला पारितोषिकापेक्षा ती चिकाटी मोठी वाटते. एका ताऱ्याची एक फेरी पुरी होईपर्यंत दरवर्षी त्याच जागेकडे बघत राहायचं.

ही धग बघणाऱ्या दुर्बिणीला स्वतः गार राहावं लागतं, नाहीतर तीच उजळायची. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीचे आरसे पाच पदरी पडद्याच्या सावलीत, उणे २२० अंशांच्याही खाली असतात. आणि मी इथे तापल्या भिंतीला टेकून त्याच दिशेला बघतोय.

नांगी पश्चिमेला कलली. तोटीजवळचा तो काळा पट्टा बराच वेळ न्याहाळला.

खालून आईची हाक आली, नळाला पाणी आलंय. चार दिवसांनी. उतरतो.