तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशन झालंय, मग तांबी कशाला?

हा प्रश्न मला जाऊबाईंनी विचारला, शेजारणींनी विचारला, भांडुपहून रोज एकत्र चढणाऱ्या आमच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपने विचारला आणि एका केमिस्टनेसुद्धा विचारला. विचारताना आवाज खाली जातो आणि भुवई वर चढते. ऑपरेशन फेल गेलं का, हा त्या भुवईचा सभ्य अर्थ. दुसरा मी लिहीत नाही, तुम्हाला कळतो.

तर एकदाच सांगते. मूल होऊ नये म्हणून ही तांबी बसवलेली नाही, त्यासाठी माझं नसबंदीचं ऑपरेशन झालेलंच आहे. अंगावरून जाणं कमी व्हावं म्हणून बसवली आहे. तिच्यात तांबं नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन ती पिशवीच्या आत थोडं थोडं सोडत राहते, त्याने आतलं अस्तर पातळ होतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण माझं ऐकून कुणी साधी, तांब्याची बसवून आली तर पाळीला आणखी जास्त जाईल.

एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न तयारच असतो. "म्हणजे ऑपरेशनमुळेच झालं ना हे सगळं?" इथे मला राग येतो, कारण हो म्हटलं तरी पंचाईत आणि नाही म्हटलं तरी. डॉक्टर म्हणायचे, ऑपरेशनचा काही संबंध नाही. घरच्या बाया म्हणायच्या, नस बांधली की असंच होतं. दोघांनाही उत्तर आधीच माहीत होतं, त्यामुळे मला तपासायची गरज कुणालाच वाटली नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन एकतिसाव्या वर्षी झालं. त्यानंतर दर वर्षी पाळी वाढत गेली. गाठी पडायच्या, कंबर मोडायची. त्या दिवसांत ऑफिसला काळी सलवार आणि बॅगेत दुसरी. घाटकोपरला सीट मिळाली तरी बसायचं नाही, उठताना काय दिसेल याची भीती. आणि मी हे "बायकांचं असतंच" या खात्यात टाकून दिलं होतं.

अडतिसाव्या वर्षी एका नर्सिंग होममध्ये सांगितलं, पिशवी काढून टाका. "दोन मुलं आहेत, ऑपरेशन झालंय, आता तिचं काम काय?" मला ते इतकं पटलं की मी तारीखही घेतली. आदल्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला, हिमोग्लोबिन ६.१. बाईला बारा तरी असावं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सरळ नकार दिला, आधी रक्त चढवून या म्हणाले. म्हणून महापालिकेच्या हॉस्पिटलात भरती झाले.

रात्री वॉर्डात रक्त चढत होतं. एक निवासी डॉक्टर आली. वय माझ्या भाचीएवढं, केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप. केसपेपर घेऊन कॉटच्या कडेला टेकली आणि पहिल्यापासून विचारायला लागली. मी वैतागले होते. म्हटलं, "ऑपरेशनच्या आधी मला काहीसुद्धा नव्हतं, सगळं नंतर सुरू झालं, लिहा." ती म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी काय वापरत होतात?" गोळ्या. धाकटा अंगावरचं प्यायचा थांबला तेव्हापासून रोज. "आणि गोळ्यांच्या आधी, लग्नाच्याही आधी, पाळी कशी होती?"

मला एकदम काही बोलता येईना. दादरला कॉलेजात असताना पहिल्या दोन दिवसांत मी पोट धरून लोळायचे. आई गरम पाण्याची बाटली द्यायची आणि म्हणायची, लग्न झालं की थांबेल. थांबलंही. आधी दोन बाळंतपणं, मग गोळ्या. मी समजले आई म्हणाली ते खरं झालं.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. ॲडिनोमायोसिस. पिशवीचं आतलं अस्तर तिच्या स्नायूत शिरलेलं असतं, म्हणून पिशवी फुगते, दुखते, रक्त जास्त जातं. गोळ्यांतल्या हार्मोन्सनी ते दाबून ठेवलं होतं. ऑपरेशन झालं, गोळ्या बंद झाल्या आणि खरी पाळी परत आली. वर वयाबरोबर आजारही वाढला. मी तिला हट्टाने विचारलं, "म्हणजे ऑपरेशनचा दोष नाहीच?" ती म्हणाली, "आजार ऑपरेशनने दिला नाही. पण गोळ्या बंद झाल्यावर पाळी वाढू शकते, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

कुणीही नाही. सही कुठे करायची तेवढं सांगितलं होतं.

नंतर मी वाचलं. अमेरिकेतल्या ९,५१४ ऑपरेशन झालेल्या बायकांची तुलना नवऱ्याची नसबंदी झालेल्या बायकांशी केलेली आहे, तो अभ्यास २००० साली छापून आला. ऑपरेशनमुळे रक्तस्राव वाढतो असं त्यात आढळलं नाही. अंडाशय जागेवर असतात, नळ्या बांधल्याने हार्मोन्स बंद होत नाहीत. पटतं मला. पण माझ्यातली एकतीस वर्षांची बाई विचारते, मग माझी उजवी ओटी का दुखते? ती ऑपरेशनच्या आधी दुखत नव्हती, गोळ्यांच्या आधीही नव्हती. आतडं कुठेतरी चिकटलं असेल, सोनोग्राफीत दिसत नाही, असं एका डॉक्टरांचं म्हणणं. त्या एकतीस वर्षांच्या बाईला मी गप्प बसवू शकत नाही.

नवऱ्याने का नाही केलं, हेही विचारता. "माझं उभं राहायचं काम" असं तो म्हणाला होता. जणू मी भांडुप ते करी रोड झोपून जात होते! सासरे गिरणीत होते. त्यांच्या काळात मुंबईच्या स्टेशनांवर पुरुषांच्या नसबंदीची केंद्रं असायची, जाता-येता माणसं करून घ्यायची. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के ऑपरेशन झालेल्या आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. माझ्या नवऱ्यावर एकट्यावर काय चिडायचं? तरी चिडते.

आता कशी आहे? बरी. पिशवी काढली नाही, त्याऐवजी ही तांबी बसवली. पहिले काही महिने रोजचे डाग, तेव्हा काढून टाकावीशी वाटली. मग पाळी जवळपास बंद झाली, तर जाऊबाईंना वाटलं दिवस गेले. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेत होते, ते सोडलं, लिंबूपाण्याबरोबर घेतल्या, तेव्हा कुठे हिमोग्लोबिन अकरावर आलं. आणि ज्या मला विचारतात "मग आम्ही ऑपरेशन करू का", त्यांना मी हो-नाही सांगत नाही. गोळ्या सुरू होण्याआधीची पाळी कशी होती ते डॉक्टरांना आपणहून सांगा, एवढंच म्हणते. आणि ऑपरेशन झाल्यावर पाळी चुकली, तर मात्र तपासणी लगेच. क्वचित गर्भ राहतो, आणि राहिलाच तर तो नळीत असण्याची भीती जास्त.

पुढच्या वर्षी या तांबीची पाच वर्षं भरतात. एक डॉक्टर म्हणतात दुसरी बसवू नका, पाळी जायचं वय आलंच. दुसऱ्या म्हणतात, अजून सहा-सात वर्षं जाऊ शकतात, बसवाच. बाहेर बसवायची तर किंमत हजारांत आहे. मी तूर्त दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकते आहे.